बावखल बुजविणेबाबत

गावात मला तक्रारबाई म्हणत. तोंडावर नाही, पण माझ्या कानावर पडेल इतक्या बेताने. बाजारात नवऱ्याला कोणी विचारलं, "काय, घरची मंडळी कुठे?" तर तोही सरळ सांगायचा, "तक्रारीत." आणि मग दोघं हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे, पण नवऱ्याची तक्रार कुठे करायची याचं परिपत्रक अजून निघालं नव्हतं.

नगरपालिकेत मी कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त व्हायचा माझा बेत होता. पण ऐंशी सालाच्या आगेमागे नवे मुख्याधिकारी आले. त्यांच्या डोक्यात होतं की लोकांचं गाऱ्हाणं ऐकून घेणारं एक माणूस पालिकेत असावं आणि ते कुठल्याच खात्याचं नसावं. असं म्हणून त्यांनी दालनभर नजर फिरवली. सगळ्यांच्या माना फायलींत गेल्या. मी नेमकी पाणी प्यायला मान वर केली होती.

कामाची रीत त्यांनीच घालून दिली. आलेल्याचं पुरतं ऐकायचं. त्याचा अर्ज नोंदवून संबंधित खात्याकडे पाठवायचा आणि त्यांचं म्हणणं मागवायचं. जागेवर जाऊन आपल्या डोळ्यांनी बघायचं. मग दोघांना समोरासमोर बसवून कोणाचं बरोबर ते साहेबांना लेखी कळवायचं. निर्णय साहेबांचा. माझ्या हातात काय? माझ्या हातात पेन. खातेवाले मला गावकऱ्यांची हस्तक समजायचे आणि गावकरी मला पालिकेची. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ती जागा होती, आणि तीसुद्धा जिन्याखाली.

पहिल्या वर्षी माझा उत्साह दांडगा होता, खोटं कशाला सांगू. पाचूबंदरच्या कोळणी नळाचं भांडण घेऊन यायच्या. मासळीचा लिलाव आटोपून सरळ माझ्याकडे, त्यामुळे दुपारी जिन्याखाली जी हवा असायची ती मी अजून विसरलेले नाही. "बाई, पानी येतं तवा आमी बंदरावर, नि आमी घरी येतो तवा पानी गेलेलं. पानी आमच्यावर रुसलंय काय?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पाणी सोडायची वेळ बदलून घ्यायला मला पावसाळा आणि हिवाळा दोन्ही लागले. वेळ बदलली तेव्हा वरच्या आळीतले लोक तक्रार घेऊन आले. एकदा तर एक गृहस्थ विरारच्या मनवेलपाड्याहून आले. त्यांच्या चाळीचा संडास तुंबला होता. मी म्हटलं, अहो, तुमचा पाडा आमच्या हद्दीत नाही. ते म्हणाले, "माहीत आहे. पण तुम्ही ऐकून घेता असं कळलं." आणि त्यांनी सगळं ऐकवलं.

ऐकून माणूस थकतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. धुणं धुतलं तर निदान धुतलेलं दिसतं. इथे दिवसभर लोकांची गटारं, दिवे, कुत्री, शेजारी कानात भरून घ्यायचे आणि संध्याकाळी घरी आलं की मुलांनी "आई" म्हणून हाक मारली तरी आधी अंगावर काटा यायचा. शेवटी मी एक युक्ती काढली. समोरच्याचं सगळं बोलून झालं की मी एकच विचारायची: "तुम्हाला नक्की काय हवंय?" या प्रश्नावर भलेभले अडकायचे. रस्त्यावरच्या दिव्यासाठी तावातावाने आलेला एक जण शेवटी म्हणाला, "बाई, माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही." त्या दिव्याचा खांब भावाच्या कुंपणात होता. आता भाऊ बोलता करायचं खातं कुठलं?

ती म्हातारी मात्र या प्रश्नावर अडकली नाही. म्हणूनच ती माझ्या लक्षात राहिली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

चैत्राचे दिवस होते. बाजार उरकून ती आली होती. गुडघ्याच्या जरा खाली आलेलं लाल लुगडं, डोक्यावर रिकामी पाटी, गळ्यात क्रूस. पाटी तिने खुर्चीवर ठेवली आणि स्वतः जमिनीवर बसली. मी म्हटलं, मावशी, वर बसा. ती म्हणाली, "ती खुर्ची हलते. पाटी पडली तर चालंल, मी पडले तर कोन उचलनार?" खुर्ची खरंच हलत होती. तिची तक्रार मी आधीच दोनदा केली होती.

"फादर बोलले, पालिकेत एक बाय बसते, तिला सांग," तिने सुरुवात केली. "आमचं बावखल बुजवतात, बाय."

बावखल म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको होतं. माझं माहेर जवळच्याच गास गावचं. आमच्याकडच्या वाड्यांत विहिरीच्या जोडीला किंवा विहिरीच्या जागी बावखल असतं: उघडं, पसरट तळं, पावसाचं गोडं पाणी धरून ठेवणारं. पाऊस संपला की पुढचा पाऊस येईपर्यंत केळी, पानवेली, मोगरा, भाजी, सगळं त्याच्यावर. ते एकट्याचं नसतं. चार घरांचं मिळून एक असतं, आणि वैशाखात पाणी तळाला गेलं की चारही घरांनी उतरून त्यातला गाळ काढायचा, ही रीत. गाळ केळींच्या बुडाला जायचा, पोरं चिखलात मासे धरायची आणि दुपारी ज्या घराची पाळी असेल त्या घरी सगळ्यांचं जेवण असायचं.

तिच्या बावखलाची तीन घरं राहिली नव्हती. दोन घरांतली मुलं मुंबईला नोकरीला लागली होती आणि त्यांना गाळात उतरायला सुट्टी नव्हती. तिसऱ्याने वाडी इमारतवाल्याला विकली होती. तिचं एकच घर उरलं होतं: ती, तिचा कामावर जाणारा मुलगा, आणि तिची केळी, तिची मेथी, तिचा मोगरा. त्या विकलेल्या जमिनीच्या कडेला पालिकेचे ट्रक गटारातून काढलेली घाण आणि राडारोडा ओतू लागले होते. कचऱ्याचा डेपो लांब, ही जागा रस्त्यालगत, ड्रायव्हरला सोयीचं. ते ढिगारे घसरून बावखलात उतरत होते. पाणी काळं पडत होतं आणि दर आठवड्याला काठ आत येत होता.

मी सगळं ऐकलं आणि माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ती क्षणभरही थांबली नाही.

"ट्रक बंद करा. आनि टाकलंय ते काढून न्या. आनखी काय नको."

इतकं स्वच्छ मागणं त्या जिन्याखाली कोणी मागितलं नव्हतं. मी तिच्या शब्दांत अर्ज लिहिला, तिला वाचून दाखवला, तिने खाली सही केली. सही करताना जीभ दातांत धरली होती. जाताना पाटीच्या फडक्याखालून मेथीची एक जुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "लाच नाय बाय, उरलेली हाय." केळीच्या सुक्या सालीने, सोपटाने, ती जुडी इतकी बेतशीर बांधली होती की घरी सोडताना माझा हात अडखळला.

अर्ज आवक-जावकच्या टेबलावर गेला. तिथल्या कारकुनाचं काम अर्ज वाचून वर विषय टाकायचं. तो काही आळशी किंवा वाईट माणूस नव्हता. पालिकेचे ट्रक बावखल बुजवतात, अशी तक्रार आहे. त्याने कचेरीच्या मराठीत नीट विषय घातला: "बावखल बुजविणेबाबत." यात चूक काढून दाखवा. मी पुढे कितीतरी वेळा प्रयत्न केला, मला काढता आली नाही. आमच्या कचेरीत सगळंच कशाच्या ना कशाच्या "बाबत" असायचं. नळ दुरुस्त करणेबाबत, झाड तोडणेबाबत, दिवा लावणेबाबत. आणि खात्यात अर्ज कोणी वाचत नसे, विषय वाचत. रोजचा ढीग बघितला तर त्यांनाही दोष देववत नाही.

मी रीतीप्रमाणे जागेवर जाऊन आले. शिपाई बरोबर होता. बावखल अजून जिवंत होतं. एका बाजूने काळा उतार आत आला होता, पण दुसऱ्या बाजूला पाणी हिरवं आणि थंड होतं, काठावर अळू माजलं होतं, पंपाच्या पाइपावर एक खंड्या बसला होता. म्हातारीने मला काठाकाठाने फिरवलं. इथे रहाट होता, इथे रेडा फिरायचा, इथे सासऱ्याने पायऱ्या बांधल्या. मी माझ्या माहेरच्या बावखलाची आठवण सांगितली तर ती खूश होऊन म्हणाली, "मंग तुला काय सांगायचं! तू आमचीच." कचेरीत परतताना मला बरं वाटत होतं. वाटलं, ही एक तक्रार तरी निकाली निघेल आणि निकाली निघाली म्हणजे काय हे मी डोळ्यांनी बघेन.

तेही बघितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी स्वच्छता निरीक्षक हसतमुखाने माझ्या टेबलाशी आले. घाटावरचा माणूस, बदलीवर आलेला, कामाला चोख. म्हणाले, "बाई, तुमच्या कक्षाचं म्हणून आधी हातात घेतलं. झालं काम."

"ढीग उचलले?" मी विचारलं. माझा विश्वास बसेना.

"कसले ढीग? तो खड्डा हो. बुजवला. मुरूम टाकून सपाट करून दिलाय. एकदम फर्स्टक्लास."

त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, मला ऐकू आलं नसेल असं समजून. मग त्यांनी अर्ज पुढे केला आणि विषयावर बोट ठेवलं. मी म्हटलं, खालचं वाचा. ते उभ्या उभ्या वाचू लागले. वाचता वाचता खाली बसले, त्याच हलणाऱ्या खुर्चीवर.

"बाई, मला वाटलं डबकं असेल. डासांचं." त्यांचा आवाज उतरला होता. "आमच्या गावाकडं कोणी पाण्याची जागा बुजवली तर माणसं जीव घेतील हो."

मी रिक्षाला हात केला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भरणी खरंच छान केली होती. कडा नीट, माथा सपाट, वरून रोलर फिरवलेला. पालिकेचं इतकं चोख काम मी पूर्वी पाहिलं नव्हतं आणि पुढेही पाहिलं नाही. पंपाचा पाइप मुरमातून वर आलेला होता. खंड्या त्याच्यावर बसून खाली बघत होता.

म्हातारी केळीखाली बसली होती. मला वाटलं होतं ती ओरडेल, शिव्या देईल, आणि मला ते सोपं गेलं असतं. शिव्या ऐकायची मला सवय होती.

"मी बाजारात होते," ती म्हणाली. "आले तं ट्रक उभे. मी आडवी गेले. तं तो पोऱ्या मला बोलतो, आजी, तुमीच तं अर्ज केलाय. कागद दाकवला. माजीच सई, बाय. माज्या सईनं बुजवलं."

मी तिच्या शेजारी बसले. चूक झाली म्हणावं तर चूक कुठे झाली ते मला दाखवता येत नव्हतं. माफ करा म्हणावं तर कोणाच्या वतीने? मला रडू आलं, आणि त्याचा मला राग आला, कारण रडायचा हक्क तिचा होता आणि ती रडत नव्हती.

"तुज्याकडं नसते आले," ती शांतपणे म्हणाली, "तं आनखी दोन वर्सं तरी पानी पुरलं असतं."

तिने हे मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. ती हिशेब करत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते यालाच.

मी सुनावणी लावली. एका बाजूला म्हातारी, दुसऱ्या बाजूला निरीक्षक आणि बांधकामचे ओव्हरसियर, मध्ये मी. पालिकेने स्वखर्चाने बावखल होतं तसं करून द्यावं, असं माझं मत मी आधीच लिहून आणलं होतं. निरीक्षक मान खाली घालून बसले होते. त्यांनी चूक कबूल केली, लेखीसुद्धा दिली, आणि आमच्या पालिकेत हे नवलच होतं. अडलं ते ओव्हरसियरांपाशी. ते म्हणाले, "बाई, खड्डे बुजवण्यासाठी अंदाजपत्रकात खर्चाचं शीर्ष आहे. खड्डे करण्यासाठी नाही. खर्च टाकू कुठे?"

"तुम्ही खड्डा केलेला नाही असा एक तरी रस्ता दाखवा," मी म्हटलं. "त्याचा खर्च कुठे टाकता?"

कोणी हसलं नाही. मीही हसले नव्हते. म्हातारी आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिने माझ्याकडे वळून विचारलं, "हे तुजं ऐकत नाय काय?"

"ऐकतात," मी म्हटलं. "ऐकून घेतात."

"मंग तू आनि मी सारकीच," ती म्हणाली, आणि लुगड्याचा पदर सारखा करून उठली.

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेब भला माणूस. पण तोवर त्यांनाही खुर्चीने बरंच शिकवलं होतं. त्यांनी फाइल दोनदा वाचली, चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, "बाई, मूळ तक्रार खात्याने निकाली दाखवली आहे. निकाली प्रकरण मला उघडता येत नाही. म्हातारीकडून नवा अर्ज घ्या. पुढच्या अंदाजपत्रकात मी काहीतरी बसवतो. तुमचा शब्द राखीन." तेवढ्यासाठी मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार होते? ट्रकांनी तिथे राडारोडा टाकणं मात्र बंद झालं. टाकायला आता जागाच उरली नव्हती.

पाऊस आला, गेला. त्या मुरमावरून पाणी वाहून रस्त्यावर उतरलं आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीतल्या लोकांनी रस्त्यात पाणी साचतं म्हणून माझ्याकडे अर्ज दिला. मी तो नोंदवून घेतला.

म्हातारीला मी दोनदा निरोप पाठवला. ती आली ती थेट दिवाळीनंतर, बाजाराच्या दिवशी, डोक्यावर पाटी घेऊन. या खेपेला मी अर्ज आधीच तयार ठेवला होता. विषयसुद्धा मीच घातला होता, आवक-जावकच्या हाती काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मी तिला सावकाश वाचून दाखवलं: "पालिकेने चुकीने बुजविलेले बावखल उकरून, त्यातील भराव काढून, पूर्वीसारखे करून देणेबाबत." यात कुठे फट राहिलेली नाही असं मला वाटत होतं.

तिने मन लावून ऐकलं. मग विचारलं, "उकरून असं लिव्हलंय?"

"हो."

"मंग उकरायला येतील, नि वाडी उकरून जातील."

"नाही हो मावशी, मी स्वतः उभी राहीन तिथे."

"तू मागं पन होतीस ना, बाय." तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं ती मला समजावत होती. "एका सईत बावखल गेलं. दुसऱ्या सईत काय जाईल, कोन सांगनार? भीक नको पन कुत्रं आवर."

मी पेन खाली ठेवलं. मग सवयीने, खरंच निव्वळ सवयीने, माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, तुम्हाला नक्की काय हवंय?"

पहिल्या वेळी तिने पापणी लवायच्या आत उत्तर दिलं होतं. बाहेर कोणीतरी नळाच्या पाण्यावरून शिपायाशी भांडत होतं, ते आम्ही दोघींनी ऐकलं. मग तिने पाटीवरचं फडकं बाजूला केलं. आत मेथी होती. मला वाटलं, मागच्या वेळेसारखी जुडी काढून देणार, म्हणून मी घाईने म्हटलं, "राहू द्या मावशी, विकायला होईल."

"इकायची नाय ही," ती म्हणाली. "इकत घेतलीय."

मला आधी कळलंच नाही.

"घरी न्यायला," ती म्हणाली. "पोराला मेथी आवडते. जल्मात भाजी इकत घेतली नव्हती, बाय. बाजारातल्या बाया हसल्या मला." आणि मग एकदम चिडून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा चिडून, "आनि ही बघ, जुडी कशी बांधलीय! हिला जुडी म्हनतात?"

जुडी खरंच ढिली होती. देठ खालीवर, मुळांना माती. तिने ती माझ्या टेबलावर घेतली, सोडली, एकेक काडी सारखी केली, पिवळी पानं खुडून पदरात टाकली. बोटं भराभर चालत होती. मग बांधायला सोपट शोधत तिने इकडेतिकडे पाहिलं. तिच्या केळी पाण्यावाचून वैशाखातच वाळल्या होत्या, सोपट कुठून असणार?

माझ्यासमोर तिची फाइल होती. मी फाइलीची नाडी सोडली आणि म्हातारीच्या हातात दिली. तिने जुडीला दोन वेढे घातले, गाठ दातांनी ओढून घट्ट केली, जुडी पाटीत ठेवली आणि सही न करताच घरी गेली. खात्याने निकाली दाखवलेली तिची ती फाइल माझ्या नोंदीत मी निवृत्त होईपर्यंत निकाली दाखवली नाही. दुसरी नाडीही लावली नाही. महिन्याच्या अहवालात "प्रलंबित" म्हणून ती तशीच, सुट्या कागदांची, पुढे जात राहिली.